जुनीच लाइन बरी

"जुनंच राहू दे ना दादा," शालन तिसऱ्यांदा म्हणाली. "आमचं काही अडत नाही नव्यावाचून."

कंपनीचा माणूस प्रितम ड्रिल हातात घेऊन भिंतीपाशी उभा होता. चांगला चाळिशीचा, पण असं गिऱ्हाईक त्याला भेटलं नव्हतं. "मावशी, मी असाच निघून गेलो ना, तरी ही तांब्याची लाइन महिनाअखेर बंदच होणारे. अख्ख्या कोपरीत आता फायबर. लोकं माझ्या मागे लागलेत, आमच्याकडे आधी या म्हणून. नको म्हणणाऱ्या तुम्हीच पहिल्या."

"मग लावा," शालन म्हणाली आणि पलंगाशी जाऊन बसली.

पलंगावर तिचे यजमान महिपत पडून होते. पाच महिन्यांपूर्वी अर्धांगाचा झटका आला, उजवी बाजू गेली, तोंड वाकडं झालं आणि बोलणं एका 'हं'वर येऊन थांबलं. टेंभी नाक्याच्या दहीहंडीला पंधरा वर्षं या माणसाच्या खांद्यावर थर चढले होते. आता कूस बदलायची तर शालनलाच बदलावी लागे. सुरुवातीला ती खूप रडली. मग रडू आटलं. आता ती पेज भरवी, अंग पुसून घेई, चादर बदली, आणि तिला कसलंच काही वाटत नसे. वाईटसुद्धा नाही.

एकुलती एक मुलगी ऋतिका लग्न होऊन मेलबर्नला गेलेली. तिला यातलं काही माहीत नव्हतं. झटका आला त्याच आठवड्यात तिला तिकडे नोकरी लागली होती. कळलं असतं तर तिने नोकरीवर पाणी सोडलं असतं आणि मिळेल त्या विमानाने धावत आली असती. चार दिवसांनी सांगू, असं शालनने ठरवलं. त्या चार दिवसांचे पाच महिने झाले. जावेला, भाच्यांना तिने शपथा घातल्या. झाकली मूठ सव्वा लाखाची.

ती मूठ झाकून ठेवली होती या जुन्या लाइनने. तळमजल्याची खोली, मोबाइलला रेंज नाही, नेट काय ते मोडेमचं. "व्हिडिओ लावला की सगळं अडकतं गं, नुसतं बोलू," असं शालनने एकदा सांगितलं आणि मग तेच चालू राहिलं. वास्तविक त्याच मोडेमवर ती दुपारभर मालिका बघायची, एकदाही अडकली नाही. मुलीने बाबांना विचारलं की शालन फोन महिपतांच्या कानाला लावी आणि ते "हं... हं..." करत. फोनवर 'हं'च्या पुढे ते जन्मात कधी गेले नव्हते, त्यामुळे संशय यायचं काही कारणच नव्हतं. आपल्याला खोटं इतकं सफाईने जमतं याचं शालनला आधी नवल वाटलं. पुढे पुढे तेही वाटेना.

प्रितमने भिंतीला भोक पाडलं, दोऱ्यासारखी बारीक वायर आत ओढली, जुना मोडेम काढून पिशवीत टाकला. नव्या डब्यावर हिरवे दिवे लागले.

"कनेक्शन मुलीच्या नावावर आहे ना? तिला मेसेज गेला बघा, लाइन चालू झाली म्हणून," तो हत्यारं आवरत म्हणाला. "आता समोर बसल्यासारखी दिसेल तुम्हाला. येतो मावशी."

शालनला धास्ती वाटली. कित्येक महिन्यांत तिला पहिल्यांदाच काही वाटलं.

दहा मिनिटांत फोन वाजला. तिने घाईघाईने महिपतांचं तोंड पुसलं, पलंग मागे दिसू नये म्हणून खुर्ची दाराकडे ओढली आणि मग फोनकडे बघितलं. साधा कॉल होता, व्हिडिओ नव्हताच. सुंठीवाचून खोकला गेला.

"आई, मेसेज आला मला. लागलं का नवीन?"

"लागलं."

"बरं झालं." ऋतिका तिकडच्या थंडीचं बोलली, ऑफिसातल्या कामाचं बोलली, बाबा जेवले का विचारलं. शालन हुं हुं करत वाट बघत होती. आता म्हणेल, मग म्हणेल. पोरगी काही म्हणेना. शेवटी त्या ताणानेच शालनच्या तोंडून निघून गेलं, "व्हिडिओ लावू का गं?"

"नको नको!" ऋतिका लगेच म्हणाली. "म्हणजे... आता माझ्याच इकडे नेटचा लोचा झालाय गं. काही दिसायचं नाही तुला." आणि ती हसली.

तो सूर शालनला पाठ होता. जरा वरचा, जरा घाईचा, शेवटी उगाच हसणारा. पाच महिने ती स्वतः त्याच सुरात बोलत आली होती. आणि या पाच महिन्यांत पोरीने एकदासुद्धा हट्ट धरला नव्हता, की आई, काहीही कर पण मला बाबांना बघायचंय. लहानपणी बाबांच्या खांद्यावरून न उतरणारी पोर! शालनला वाटत होतं, खोटं आपण एकटीच बोलतोय.

काय झालंय, असं विचारून उपयोग नव्हता. सगळं ठीक आहे, असंच उत्तर आलं असतं. तिने स्वतःही तेच दिलं असतं.

ती उठली. पलंगावर बसून तिने महिपतांच्या मानेखाली हात घातला, त्यांचं डोकं आपल्या खांद्याला टेकवलं आणि दुसऱ्या हाताने फोन समोर धरून कॅमेऱ्याचं बटण दाबलं.

"ऋतू, आधी मी दाखवते," ती म्हणाली. "हे बघ तुझे बाबा. आता तू लाव."