दुसरी नजर

“दाबा ना काका. बाँब नाही तो.”

सुनीती हसत होती. गोपाळकृष्णांचं बोट मात्र बटणावर अधांतरी थांबलं होतं.

सुनीती सांभाळत असलेल्या ऑनलाइन शब्दकोशासाठी ते सहा वर्षं नोंदी लिहीत होते. त्यांनी लिहून पाठवायचं आणि तिने शनिवारी हाताने साइटवर चढवायचं, असा शिरस्ता होता. आता तिने सगळं आपोआप होईल अशी व्यवस्था केली होती. त्यांनी ‘सेव्ह’ दाबलं की संगणक काही तपासण्या करणार. सगळं हिरवं झालं, की नोंद पाच मिनिटांत जगासमोर. मध्ये माणूस नाही.

नेमकं तेच त्यांना झेपत नव्हतं. छापखान्यात त्यांनी चाळीस वर्षं मुद्रितशोधक म्हणून काढली होती. तिथे एकाने वाचलेलं प्रूफ दुसऱ्याने वाचल्याशिवाय यंत्रावर जात नसे. तो दुसरा म्हणजे नेहमी गोपाळकृष्णच.

“सुनीती, मी आता थांबतो,” ते हळूच म्हणाले. “तू वाचायचीस म्हणून मला धीर होता. कुणी न वाचता माझं काही बाहेर जाणार असेल, तर मला झोप लागायची नाही.”

“मी वाचायचे?” सुनीतीने कपाळाला हात लावला. “अहो काका, शुद्धलेखनात मी काठावर पास झालेय. मी नुसतं चढवत होते!”

गोपाळकृष्णांनी बोट मागे घेतलं. अकराशे नोंदी, कुणीही न वाचलेल्या!

“घ्या!” त्यांच्या पत्नी कौशल्याबाई स्वयंपाकघरातून म्हणाल्या. “म्हणजे सहा वर्षं देवाच्याच भरवशावर चाललं होतं.”

“ही एक तरी पाठवा,” सुनीती म्हणाली. “मग काय ते ठरवा.”

त्यांनी डोळे मिटून बटण दाबलं. नोंद ‘तांबट’ या शब्दाची होती. एकेक हिरवी खूण उमटू लागली. चौथ्या ओळीवर लाल फुली आली आणि सगळं थांबलं.

“मोडलं मी,” ते पुटपुटले.

“मोडलं नाही, अडवलंय. वाचा.”

त्यांनी चष्मा पुसला. ‘या कारागिरांवरून कसबा पेठेतल्या आळीला नांव पडलं.’ त्यातला ‘नांव’ हा शब्द अधोरेखित होता. खाली लिहिलं होतं, ‘इथे अनुस्वार नको.’ लहानपणी शाळेत गिरवलेला अनुस्वार. पुढे नियम बदलले, तो पुस्तकांतून गेला. त्यांच्या बोटांतून मात्र गेला नव्हता.

“हा नियम कुणी घातला?”

“तुम्हीच. इतरांच्या नोंदींवर शेरे मारून मला पाठवायचात ना? त्या सगळ्यांच्या तपासण्या केल्या मी. दोनशे अकरा झाल्या. मला स्वतःला कळत नाही, म्हणून तर केल्या.”

“दोनशे अकरा!” ते म्हणाले. त्यांनी अनुस्वार खोडला, पुन्हा बटण दाबलं. या वेळी डोळे उघडे होते. सगळं हिरवं झालं.

“काय हो, बिघडलं का काही?” कौशल्याबाई हात पुसत बाहेर आल्या.

“नाही गं!” इतक्या मोठ्याने गोपाळकृष्ण त्या घरात कधी बोलले नव्हते. “माझी चूक सापडली! उभ्या आयुष्यात पहिल्यांदा माझ्यानंतर कुणीतरी वाचलं!”