पाचवं मत

“दोन विरुद्ध दोन. परत,” म्हणत मुकुलने लॅपटॉप मिटला.

आठ महिन्यांतलं हे सहावं मतदान होतं. अंधेरीतल्या मुकुलच्या ऑफिसचं कँटीन शनिवारी रिकामं असायचं, म्हणून ॲपवर काम करणारे चौघे तिथे जमत. प्रश्न एकच. गोराईच्या खाडीची भरती-ओहोटी सांगणारं त्यांचं ॲप फुकट होतं आणि त्याचा कोड सगळ्यांसाठी खुला होता. तो कोड ठेवायचा कुठे? मुकुलला बड्या कंपनीची साइट हवी होती, कारण सगळं जग तिथेच आहे. अस्मिताला देणग्यांवर चालणारी छोटी साइट हवी होती, कारण खुलं काम बड्यांच्या दावणीला बांधणं तिला पटत नव्हतं. दोघांचंही म्हणणं बरोबर होतं, हीच तर पंचाईत. वर, जागा ठरेपर्यंत कोडमध्ये एक अक्षरही बदलायचं नाही, असा नियम चौघांनी मिळून केला होता. शहाणी माणसं अशीच अडकतात.

“चंदरकाकांना विचारून येते,” अस्मिता म्हणाली. “पाचवं मत त्यांचं आहे. आणि आज ठरलं नाही ना, तर मी बाहेर. खरंच थकले रे.”

मुकुलही थकला होता.

चंदर कोळी गोराईचे. भरतीच्या छापील तक्त्यातली वेळ बंदराची असते. खाडीत पाणी मागाहून चढतं, आणि किती मागाहून ते त्यांच्यासारख्यांनाच ठाऊक. सहा वर्षांपूर्वी त्यांच्या पडवीत बसून अस्मिताने काम सुरू केलं होतं. कोडच्या माथ्यावर तिने आधी एक वाक्य लिहिलं आणि काकांना मोठ्याने वाचून दाखवलं. तेव्हापासून ते चुका कळवायचे, ती सुधारायची. तिचे सगळे रविवार यात गेले. नोकरीतलं कुठलंच काम तिला इतकं आपलं वाटलं नव्हतं.

बोरिवलीहून रिक्षा, मग होडी. पलीकडच्या धक्क्यावर चंदरकाका फाटलं जाळं सांधत बसले होते. अस्मिताने दोन्ही साइट्स समजावून सांगितल्या. त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

“ते ठीक आहे, बाय. पण मी तुला मेसेज टाकला होता ना? खाडीच्या तोंडाला गाळ सरकलाय. तुझं ॲप वीस मिनिटं चुकतं. शेजारच्या बाळा कोळ्याची होडी अर्धा दिवस चिखलात बसली.”

अस्मिताला मेसेज आठवला. तिने त्यावर अंगठ्याचं चित्र टाकलं होतं.

“काका, ते… जागा ठरेपर्यंत बदल बंद ठेवलेत.”

“म्हणजे घर ठरत नाय तवर चूल पण पेटवायची नाय?”

ती ओशाळली. नजर चुकवायला तिने मान फिरवली, तेव्हा धक्क्यावरच्या शेडच्या भिंतीवरचा काळा फळा दिसला. त्यावर खडूने आठवड्याच्या भरतीच्या वेळा लिहिल्या होत्या. काही वेळा खोडून शेजारी नव्या टाकल्या होत्या, आणि प्रत्येक दुरुस्तीखाली नाव होतं. बाळा. गुणाजी. कृष्णाबाई. मासळीची पाटी घेऊन निघालेल्या दोघी जणी फोनवर त्याचा फोटो काढत होत्या.

“हा कधीपासून आहे?”

“होडी बसली ना, त्याच्या दुसऱ्या दिवसापासून. आठ महिने झाले. आता सगळे यावरच चालतात.”

म्हणजे ॲप कोणी उघडतच नव्हतं. तिला फार वाईट वाटलं. मग ओझं उतरल्यासारखं जरा हायसं वाटलं, आणि त्याचं जास्त वाईट वाटलं.

ती फळ्याजवळ गेली. सगळ्यात वर, चंदरकाकांच्या ठसठशीत अक्षरात एक ओळ होती. ‘चूक दिसली तर सुधारा. खाली आपलं नाव लिहा.’

पडवीत वाचून दाखवलेलं तिचंच वाक्य.

खिशातला फोन वाजला. मुकुलचा मेसेज होता, “काका काय म्हणाले? ठरलं का कुठे ठेवायचं?”

तिने फळ्याचा फोटो काढून पाठवला. खाली लिहिलं, “ठरलंय. आठ महिन्यांपूर्वीच.”