हरवली असं लिहा

भाताच्या पातेल्यावरचं झाकण खडखडलं, आणि शारदा जेवता जेवता उठून ज्वारीच्या कोठीमागे शिरली.

"अगं, वाफ आहे ती. ये बाहेर." मंगलानं मांडीवरचं तान्हं सांभाळत झाकण बाजूला केलं. पाच वर्षांची भाची काही बाहेर आली नाही. निजामाच्या हद्दीतून पळालेल्या लोकांचा सीमेवर कॅम्प होता. आठ दिवसांपूर्वी त्यावर विमानातून बॉम्ब पडले. त्यात मंगलाची धाकटी बहीण कुसुम गेली. शेजारच्या पालातल्या धुरपदाबाईंनी तिला तिथंच माती दिली आणि पोरीला घेऊन शनवाऱ्यातलं मंगलाचं घर गाठलं.

प्रभाकर कचेरीतून आला. टोपीसुद्धा न काढता त्यानं बायकोपुढे शारदाच्या मदतीचा अर्ज धरला. तिसऱ्यांदा परत आलेला.

"आता काय म्हणतात?"

"म्हणतात, त्या कॅम्पवर बॉम्ब पडलेच नाहीत. कागदावर तसं कुठं नाही. मग बाई बॉम्बनं मेली कशी?"

"अहो, पण धुरपदाबाईंना नेलं होतं ना सोबत?"

"नेलं ना! बाबू त्यांना विचारतो, विमान कोणाचं होतं? त्या म्हणाल्या, बाबा, मी खाली होते." प्रभाकर मटकन खाली बसला. "एक शब्द बदला म्हणे, आजच घेतो. 'मेली' काढा, 'हरवली' असं लिहा."

"हरवायला ती काय जत्रेत गेली होती?"

तान्हं दचकलं. मंगलानं त्याला थोपटलं, आवाज उतरवला. "कुसुमचे विनायकराव तिकडे निजामाच्या तुरुंगात आहेत. उद्या सुटून आले, हा कागद वाचला, की जन्मभर बायकोला शोधत फिरतील हो ते."

"मदतीच्या यादीत पोरीचं नाव तरी लागेल, मंगल."

त्यानं दौत उघडून पुढे सरकवली. मंगलानं टाक बुडवला. दोनच अक्षरं खोडायची होती. टाकाची शाई टोकाशी वाळली, तरी हात चालेना.

कोठीमागून शारदा हळूच म्हणाली, "मावशी, विमान खाली आलं ना, तवा आईनं तिचं हिरवं लुगडं वावरात पसरलं. साऱ्या बायांनी पसरलं. आई म्हने, इथं बायका-पोरं आहेत, हे वरून त्याले दिसू दे."

मंगलानं मान वर केली.

"मावशी, त्याले लुगडं ओळखू नाही आलं का?"