निळे बेडूक आणि आईची अट

"विषारी बेडूक या घरात आले की मी निघाले," आई म्हणाली. "धाकटीकडे. कायमची."

आणि खोकली. हा तिचा खास खोकला. आजार-बिजार काही नाही, एखादी गोष्ट पटली नाही की दोन कोरडे ठसके ठरलेले. चाळीस वर्षं दवाखान्यात नर्स होती, खोकला कसा वठवायचा हे तिला कुणी शिकवायला नको.

"ठसका पुरे आता," मुलगा म्हणाला. माशांच्या काचेच्या टाकीत खांद्यापर्यंत हात घालून तो तळाची वाळू उपसत होता.

सहा वर्षं त्या टाकीत समुद्र नांदला होता. खारं पाणी, मासे, प्रवाळ, सगळा सरंजाम. आता त्याला तिथे जंगल हवं होतं. शेवाळ, नेचे, बारीक फवारा आणि अंगठ्याएवढे दोन निळे बेडूक. नकाशे काढणं हा त्याचा व्यवसायच, त्यामुळे टाकीचेही चार नकाशे तयार होते. सहा महिने वाचन चाललं होतं. घरात त्याचं नाव पंडित. आईनेच ठेवलेलं, आणि कौतुकाने मुळीच नाही.

"जंगलात ते विषारी किडामुंगी खातात, म्हणून विषारी होतात," पंडिताने पुन्हा समजावलं. "हे माणसांकडे जन्मलेत, फळमाश्यांवर वाढलेत. तुझ्या जिभेएवढंसुद्धा विष नाही त्यांच्यात."

"विष काय सांगून येतं होय रे?"

पंडिताला बेडूक हवे होते, पण आईही हवी होती. वडील गेल्यापासून घरात दोघंच. ती गेली असती तर संध्याकाळी भांडायचं कुणाशी?

तीन दिवस अबोला चालला. चौथ्या दिवशी आईनेच तह केला.

"एक अट. त्या टाकीत जे जाईल ते आधी उकळायचं. माझ्या देखरेखीखाली. दवाखान्यात जन्मभर तेच केलं. उकळलं की विषय संपला."

"बेडूकपण?"

"पंडित!"

अट ऐकून तो मनात खूश झाला. तळाला घालायची वाळकी पानं उकळावी लागतात, हे त्याने वाचलंच होतं. टाकीतल्या जुन्या समुद्राचे दगड मागच्या भिंतीला रचून त्यांवर नेचे लावायचे होते, पण त्यांत मीठ मुरलेलं, आणि मिठाने बेडकाची कातडी भाजते. उकळले की मीठही गेलं आणि आईचा रागही. सुंठीवाचून खोकला गेला म्हणायचा!

शनिवारी माशांचा दुकानदार आला. मासे आणि प्रवाळ तो नेणार होता. बेडकांसाठी बारीक फळमाश्यांची एक बाटली त्याने फुकट दिली आणि जाताना दगडांकडे बोट दाखवलं.

"तेही द्या की. त्यांच्यावर ती बटणं आहेत ना, घरी उगाच हात लावत बसू नका. मी उद्या येऊन..."

"बघू, बघू," म्हणत पंडिताने दार लावलं. मग आईकडे वळला. "पाहिलंस? आवळा देऊन कोहळा काढतोय. असे सच्छिद्र दगड बाजारात शोधून मिळत नाहीत."

दगडांवर खरंच बटणं होती. प्रवाळाच्याच जातीचे जीव, पण शर्टाच्या बटणाएवढे, तपकिरी-हिरवे, मिटून बसलेले. पाण्याबाहेर काढल्यावर ती आणखीच आक्रसली. उकळल्यावर आपोआप सुटतील, पंडित म्हणाला. आईने माळ्यावरचं मोठं पातेलं काढून घासून दिलं. बऱ्याच दिवसांनी तिला मनासारखं काम मिळालं होतं. नाक वर करून हुकूम सोडत ती घरभर फिरत होती, आणि ते बघून पंडिताला फार बरं वाटलं.

रविवारी सकाळी तिने दगड गॅसवर चढवले, तेव्हा पंडित बेडूक घेऊन आला. डबा दिसताच आईने स्वयंपाकघराचं दार आतून ओढून घेतलं. खिडकीही लावल्याचा आवाज आला.

"खिडकी कशाला?" तो हसत ओरडला.

"बाहेरून वळसा घालून आले तर? तुझं ते जंगल झालं की सांग. मी दगडांपाशी बसलेय. चांगले दोन तास उकळणार."

पंडित कामाला लागला. खाली खडी, वर जाळी, मग माती, शेवाळ, आधीच उकळलेली पानं. मागची भिंत तेवढी दगडांसाठी मोकळी ठेवली. फोन वाजला. दुकानदार. त्याने कापला. पुन्हा वाजला, पुन्हा कापला. दगडांसाठी किती तो जीव टाकावा माणसाने!

तासाभराने त्याने डबा उघडला. पहिला बेडूक टुणकन उडी मारून पानावर बसला. शाईसारखा निळा, अंगावर काळे ठिपके. दुसरा त्याच्या मागे. पंडिताचा आनंद पोटात मावेना. नकाशा बरहुकूम उतरला होता.

आतून खोकला आला. एक ठसका, दोन, मग पाच-सहा.

"कळलं गं!" तो ओरडला. "ते टाकीतच आहेत, झाकण लावलंय! नाटक पुरे!"

आणखी थोडा खोकला झाला. कशाला तरी धक्का लागला, भांडं पडलं. आदळआपट सुरू झाली म्हणजे आता बाईसाहेब ताळ्यावर येणार, हा त्याचा जन्माचा अनुभव. तो काचेला नाक लावून बेडूक बघत राहिला. ते रुळेपर्यंत हलायचं नाही, हेही वाचलेलं होतंच.

पाच-दहा मिनिटांनी पुन्हा फोन थरथरला. या वेळी निरोप होता. कुठवर वाढवलीय किंमत, बघू तरी, म्हणून त्याने तो उघडला.

"साहेब, फोन उचला. दगड ठेवा तुम्हीच, मला नकोत, पण साफ करायला लोक उकळतात तसे उकळू मात्र नका. तुमच्या बेडकांत नाही ते विष त्या बटणांत आहे. वाफ छातीत गेली तर माणूस जातो."

पंडिताने मान वर केली. स्वयंपाकघरात पाणी रटरटत होतं. खोकला केव्हाच थांबला होता.