धुरावरचा अंदाज

दिवाळीनंतर गावातली त्रेचाळीस कुटुंबे ऊसतोडीला गेली आणि त्यांच्या चुली विझल्या. सरकारी पाहणीचा उपग्रह चुलीच्या धुरावरून घर ओळखत असे. विझलेले घर त्याच्या मोजणीतून गळून जाई. उरलेली घरे उत्पन्नाच्या क्रमाने लावली, तेव्हा बरोबर मधले घर गिरणीवाल्याचे निघाले आणि गावाचे मध्यक उत्पन्न दुप्पट झाले.

“गाव आता मागास राहिलं नाही, शेवंताताई. मागास गावापुरतं असलेलं तुमचं तोडकऱ्यांच्या पोरांचं वसतिगृह बंद होणार,” सांख्यिकी अधिकारी गर्जे म्हणाले.

“गरीब बाहेर गेले म्हणून गाव श्रीमंत होतं का, साहेब? त्यांची पोरं मी ठेवू कुठं?”

“मला पटतं हो. यंत्राला धूर लागतो.”

दुसऱ्या सकाळी ताईंनी मुलांच्या हाती त्यांच्या घरांच्या किल्ल्या दिल्या. मुलांनी रिकाम्या घरांतल्या चुली पेटवल्या. आईबापांवाचूनचा तो धूर त्रेचाळीस रेषांनी थंड आभाळात हळूहळू चढत गेला.

दुपारी गर्ज्यांचा फोन आला. आवाज उतरलेला होता.

“घरं मोजली गेली, ताई. पण यंत्र म्हणतं, भर हंगामात माणसं परतली, म्हणजे त्यांना गावातच चांगलं काम मिळालं असणार. उत्पन्न आणखी वाढवलंय त्यानं.”