एका चिठ्ठीवर एकच अल्बम

"एकशे बारा," शेषराव म्हणाले आणि रिमोट ठेवून त्यांनी चहाचा घोट घेतला. "हा कोन आहे, सांग बरं."

हर्षाने कपाळाला हात लावला. टीव्हीवर तुमसरच्या कुठल्याशा लग्नाची पंगत होती आणि फेटा बांधलेला एक माणूस पत्रावळीसमोर अवघडून बसला होता. तो कोण, हे तिला मागच्या रविवारी माहीत नव्हतं आणि आजही नव्हतं. तिने पेन ड्राइव्ह परत आणून दिला होता आणि वडील टीव्हीला लावून त्यातले फोटो एकेक करून मोजून घेत होते.

मोजून घेणं हा त्यांचा जन्माचा धंदा. पोलादाच्या प्लांटच्या स्टोअरमध्ये चौतीस वर्षं काढली, पण चिठ्ठीशिवाय त्यांच्या हातून कधी वॉशर सुटला नाही. रिटायर होऊन कोहक्यातल्या घरी आले. मागच्या वर्षी हर्षाची आई गेली, आणि महिन्याभरात त्यांनी कपाटातले अकरा जुने अल्बम काढून सिविक सेंटरच्या एका स्टुडिओत कॉम्प्युटरवर चढवून घेतले. नातेवाईक खूश झाले. ती खुशी पहिल्या रविवारपर्यंत टिकली. कारण पेन ड्राइव्ह एकच, आणि त्यात एका वेळी अल्बमही एकच. न्यायचा तर स्वतः यायचं, रजिस्टरवर सही करायची, आणि आठ दिवसांनी स्वतःच आणून द्यायचा. दुसऱ्याच्या हाती पाठवलेला चालत नसे. देताना फोटो मोजून दाखवायचे, घेताना मोजून पाहायचे.

हर्षा चरोद्याच्या रेल्वे कॉलनीतून यायची. पावर हाउसच्या चौकात ऑटो बदलायचा, हातात डबा, डोक्यावर ऊन. नवरा मोहित मालगाडी चालवायचा. त्याला महिन्यातून एखादा रविवार मोकळा मिळे, आणि नेमकी तेव्हा बायको माहेरी फेटेवाले ओळखत बसलेली असे. आजचा हा तिचा चौथा अल्बम. अजून सात बाकी होते, या विचारानेच तिला घेरी यायची.

"बाबा, चौसठ जीबीचा आहे हा," ती दर खेपेला सांगे. "अकराच्या अकरा अल्बम मावून वरून जागा उरते."

"उरू दे. एका चिठ्ठीवर एकच वस्तू भेटते."

"पन कावून? चिठ्ठी बी तुमचीच, वस्तू बी तुमचीच."

"नियम आहे," ते म्हणत आणि पुन्हा चहा टाकायला उठत. या माणसापुढे कोण डोकं फोडणार.

दुर्गचा चुलतभाऊ हर्षल तर रडकुंडीला आला होता. "ताई, काकाले समजाव ना," तो फोनवर म्हणाला होता. "पिछली बार सिर्फ पेन ड्राइव लेने गया था. सकाळी दहाले गेलो, संध्याकाळी सुटलो." गोंदियाच्या रंभाआत्याला स्वतःच्या लग्नाचा एकुलता एक फोटो हवा होता. तो पाचव्या अल्बममध्ये. त्यासाठी तिने दुखरे गुडघे घेऊन गाडीत चढायचं होतं. आणि या सगळ्याचा दोष सर्वानुमते हर्षाचा होता, कारण तिला बापाला समजावता येत नव्हतं.

शेवटी गुरुवारी तिने डाव साधला. स्टुडिओत गेली, शेषरावांची मुलगी म्हणून सांगितलं आणि अकराही अल्बम स्वतःच्या पेन ड्राइव्हवर उतरवून आणले. मोहितने ते रात्रभरात इंटरनेटवर चढवले. आज सकाळी घराच्या ग्रुपवर लिंक गेली आणि निघेपर्यंत पंधरा जणांनी तिला आशीर्वाद दिले. रंभाआत्याला तिचा फोटो सापडलासुद्धा. आता फक्त बाबांना सांगायचं होतं, आणि मग तिचे रविवार तिचे.

"एकशे चाळीस. बराबर आहे," शेषराव म्हणाले आणि त्यांनी रजिस्टर ओढलं.

दिवाळीपर्यंतचे सगळे रविवार त्यांनी पट्टीने आखून ठेवले होते. प्रत्येकासमोर एकेक नाव, अल्बमचा नंबर आणि शेवटी शेरा. हर्षलपुढे लिहिलं होतं, तर्री-पोहे. रंभापुढे, चहा बिनसाखरेचा. पेन ड्राइव्हच्या रजिस्टरमध्ये पोह्यांचं काय काम, असं हर्षाच्या मनात आलं आणि तिचा उरलासुरला धीर सुटला.

"बाबा, आता हे बंद करा," ती म्हणाली. "म्या सगळे अल्बम ग्रुपवर टाकले. दुर्गवाले, गोंदियावाले, सगळ्याईले भेटले. आता कोनाले इथपर्यंत यायची गरज नाही."

बाबा चिडतील, नियम काढतील, स्टुडिओवाल्याला फोन लावतील, अशी तिची खात्री होती. उत्तरं तिने ऑटोतच जुळवून ठेवली होती. पण त्यांनी पेनाला टोपण लावलं आणि ते आखलेल्या पानाकडे बघत राहिले.

"कोनालेच?"

"कोनालेच नाही. ज्याले पायजे तो घरी बसून पाहीन."

"हर्षल बी नाही येनार?"

"तो कावून येईन, बाबा? त्याच्या मोबाईलवर आहे न सगळं."

शेषरावांनी मान हलवली. टीव्हीवरचा फेटेवाला त्यांनी बंद केला. रजिस्टर मिटलं, पण बाजूला ठेवलं नाही, मांडीवरच धरलं.

"आन तुले बी नाही?"