हळदीची शर्त

“वैनी गायली तं मी लुगडं-चोळी नेसून बस थांब्यावर नाचीन!” दोन मणाचा चंपत ओट्यावरून ओरडला. उद्या त्याच्या पोरीची, प्रगतीची हळद.

“लागली शर्त!” शेजारच्या चंदानं टाळी दिली. “नाई गायली तं मी नाचीन.”

त्याच्या वैनीच्या, जयवंताबाईच्या हातातली कळशी हिंदकळली. जैनथ गावाकडच्या निम्म्या हळदींत वाजणारी गाणी तिनंच रचलेली. चालही तिचीच. पण सहा वर्षांपूर्वी नवरा गेला आणि बायकांनी तिला हळदीतून मागं सरकवलं. तेव्हापासून तिची गाणी दुसऱ्याच गात. ती चुलीपाशी बसून ऐके, ओठ मिटून.

“भाऊजी, माह्या जीवाशी काऊन खेळून राह्यले? पोरीचं काई वाकडं झालं तं लोक मलेच बोल लावतीन.”

“म्हणून तं म्हणतो, तुमी गात नाई. मी जिंकलो!”

त्या रात्री ती ताटावरून तशीच उठली.

दुसऱ्या दिवशी चंदा जुन्याच चोळीत आली, शिंप्याला शिव्या घालत. गावात शिंपी एकच. लग्नसराईत मेला आठ दिवसांशिवाय कुणाला चोळी देत नाही! तिनं जयवंताबाईला ओढत मांडवात आणलं आणि माइक हातात कोंबला.

एक म्हातारी मुद्दाम खोकली. जयवंताबाईनं माइक खाली ठेवायला हात नेला.

“काय गाते ते!” मागून चंपत खिदळला. “गाणी हिची कुठं हायेत? चोरलेली हायेत सारी!”

माइक तिथंच थांबला. जयवंताबाईनं मान वर केली. माइक तोंडाशी नेला आणि सूर लावला. गाणं कोरं होतं, आत्ता जुळवलेलं.

“दीर माहा चंपत, नेसला गं लुगडं,
मिशीवर पदर घेई, तोंड त्याचं वाकडं!”

मांडव हसून लोटपोट झाला. खोकणाऱ्या म्हातारीनंच दुसरी ओळ झेलली. प्रगतीनं जयवंताबाईचा हात धरला, हळदीत बुडवला आणि आपल्या गालाला लावला.

संध्याकाळी आदिलाबादची बस थांबली ती हलेचना. ड्रायव्हरसुद्धा खाली उतरून शिट्ट्या मारत होता. मधोमध लुगड्यातला चंपत गरगर नाचत होता. जयवंताबाई डोळ्यांतून पाणी येईस्तोवर हसली. मग तिची नजर त्याच्या चोळीवर गेली. कोरी करकरीत. त्या जाडजूड दंडांना, त्या रुंद पाठीला अगदी मापात बसलेली.

शर्त तर कालच लागली होती.